मोबाईलचा नियम बहिणीलाच का?

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत होता. 'अपनी बेटियों के हाथ में मोबाईल मत दो' अशी त्याची सुरुवात. खाली मोबाईलमुळे बिघडलेल्या मुलींच्या चार गोष्टी, त्यातल्या एकीचाही गाव-पत्ता नाही. शेवटी दहा जणांना पुढे पाठवण्याची ताकीद. ज्यांनी तो इमानेइतबारे पुढे पाठवला त्यांत नववीत शिकणारी तीन मुलं होती. तिघांकडेही स्वतःचा स्मार्टफोन आहे. तिघांनाही बहिणी आहेत, आणि त्या बहिणींना खालाला फोन लावायचा असला तरी भावाकडे हात पसरावा लागतो.

हा लेख त्या संदेशाच्या विरोधात आहे. पण 'जमाना बदलला, पोरांना मोबाईल देऊन टाका' म्हणणाऱ्यांच्याही बाजूचा नाही. माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगते. सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण दहावी होईपर्यंत, कोणत्याही मुलाच्या किंवा मुलीच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन असू नये. आणि हा नियम ज्या घरात मुलाला लागू होत नाही, त्या घराला तो मुलीवर लादण्याचा हक्क नाही.

मी अकरा वर्षं मोहल्ल्यात संध्याकाळची अभ्यासिका चालवते. आठवी ते दहावीची मुलं-मुली येतात. बापांपैकी कुणी रिक्षा चालवतो, कुणी वेल्डिंग करतो, कुणाचा फळांचा गाडा आहे. आया घरी मसाले कुटतात, फॉल-पिको करतात. या घरांत स्मार्टफोन चैनीसाठी आला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आलं, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन, हप्त्यावर तो घेतला गेला. तीन भावंडांत एक फोन. तो कुणाच्या हाती गेला? जवळजवळ प्रत्येक घरात मुलाच्या. शाळा उघडल्या, ऑनलाईन वर्ग संपले, पण फोन त्याच हातात राहिला. आजच्या वादाची सुरुवात तिथे आहे.

वय लहान, यंत्र मोठं

आधी वयाबद्दल बोलू. पुस्तकाचा धडा संपतो. क्रिकेटचा डाव संपतो. टीव्हीवरची मालिकाही अर्ध्या तासाने संपते. रील संपत नाही, कारण ते संपू नये अशीच त्याची रचना आहे. तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात याची नोंद होते, त्यावरून पुढचा व्हिडिओ ठरतो. तुम्ही जितका वेळ बघाल तितक्या जाहिराती जास्त आणि कंपनीची कमाई जास्त. या यंत्रापुढे चाळिशीचे बापही हरतात. दुकान बंद करून आलेला माणूस 'पाच मिनिटं' म्हणून फोन उघडतो आणि दीड तासाने मान वर करतो. मग तेरा-चौदा वर्षांच्या पोराने स्वतःला आवरावं अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

अभ्यासिकेत मला याचे परिणाम दिसतात. सकाळच्या सातच्या शाळेत पहिल्या तासाला डोळे मिटणारी मुलं दिसतात. रात्री एक-दीडपर्यंत गादीवर, चादरीखाली खेळ चालू असतो. घर एका खोलीचं, बाकीचे दमून झोपलेले, कुणाला पत्ता नसतो. इतिहासाचा उतारा वाचायला दिला की चौथ्या ओळीला मान इकडे-तिकडे होते. 'मॅडम, इसका व्हिडिओ नहीं है क्या?' हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा ऐकू येतो. ही मुलं मठ्ठ नाहीत. थांबून वाचायची त्यांची सवय मोडली आहे.

'पण अभ्यासासाठी लागतो' असं लगेच सांगितलं जातं. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासंबंधी कशासाठी तरी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. दोन्ही आकडे खरे आहेत. फोनवर अभ्यास होतो, हे मला मान्यच आहे. पण त्यासाठी मुलाच्या उशाखाली चोवीस तास फोन असावा लागत नाही.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्वतःच्याच नियमात किमान वय १३ सांगतात. आमच्या सातवीतल्या मुलांनी जन्मसाल बदलून खाती केव्हाच उघडली आहेत. आपल्या देशाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत, असं तो सांगतो. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे फोन शाळेत बंद केले. या देशांना कुणी मागासलेले म्हणत नाही. तेव्हा लहान वयात फोन नको म्हणणं हे दकियानूसी आहे, हा गैरसमज आपल्या तरुणांनी मनातून काढून टाकावा.

मग झळ एकीलाच का?

इथपर्यंत मोहल्ल्यातले बुजुर्ग माझ्याशी सहमत होतील. पुढचा मुद्दा आला की बैठक उठते.

मी एका पालकसभेत म्हटलं, 'ठीक आहे, दहावीपर्यंत कुणालाच स्वतःचा फोन नको. आज घरी जाऊन मुलांचे फोन परत घ्या.' सभेत शांतता पसरली. मग एक चाचा हसून म्हणाले, 'लड़के का क्या है मॅडम, उसको चलता है. लड़की की बात अलग है.' चाचा वाईट माणूस नाहीत. मुलीला त्यांनी अकरावीपर्यंत शिकवलं आहे. पण त्यांच्या त्या एका वाक्यात आपल्या समाजाचं सगळं दुखणं आहे. फोनमुळे मुलाची झोप जाते, अभ्यास जातो, डोळे जातात, त्याची काळजी नाही. मुलीच्या फोनमुळे इज्जत जाईल, याची काळजी आहे. म्हणजे चिंता मुलांची नव्हतीच, चिंता इज्जतीची होती, आणि ती इज्जत नेहमीप्रमाणे मुलीच्या ओढणीला बांधलेली.

हे एकट्या आपल्या समाजाचं नाही, हेही स्पष्ट सांगते, कारण लगेच काही लोक बोट दाखवायला तयार असतात. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींच्या मोबाईलवर बंदी घातली. बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पंचांनी २०१९ मध्ये बारा गावांसाठी असाच फर्मान काढला. पंचांचा धर्म, जात, भाषा बदलते, पण फर्मान तेच राहतं. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात सगळ्या ग्रामीण भारताचं चित्र आहे. १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण होतं जेमतेम २० टक्के. दुसऱ्यांकडेही हेच आहे म्हणून आपलं पाप धुतलं जात नाही. मात्र हा रोग पुरुषसत्तेचा आहे, एका धर्माचा नाही, एवढं त्यातून कळतं.

आणि वेगळं करता येतं, हेही आपल्याच महाराष्ट्राने दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलगा, मुलगी, बाप, सासू सगळ्यांना एकच भोंगा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नको असा ठराव केला. अशा ठरावाला दंडाची जोड असावी का, यावर मी वाद घालीन. पण त्या ठरावात 'मुली' हा शब्द वेगळा काढलेला नाही. गावाने नियम वयाचा केला. आपली जमात, आपली मशीद कमिटी, आपली पालकसभा हे का करू शकत नाही?

ती सांगू शकत नव्हती

मुलीचाच फोन काढून घेण्याने ती सुरक्षित होते, हा भ्रम आहे. एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील सांगत नाही.

नववीतली मुलगी. स्वतःचा फोन नाही. भावाच्या फोनवरून मैत्रिणीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडलेलं, कारण उघड उघडणं शक्यच नव्हतं. कुणीतरी तिचा शाळेच्या कार्यक्रमातला साधा फोटो उचलला, तिचा चेहरा दुसऱ्या शरीरावर लावला आणि पैसे मागू लागला. तिने आईच्या डब्यातून दोनदा पैसे काढून दिले. सात आठवडे ती गप्प होती. अभ्यासिकेत येऊन कोपऱ्यात बसायची, वही उघडी आणि पान कोरं. मी खूप विचारल्यावर ती रडली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? 'मॅडम, अब्बाला कळलं तर शाळा बंद होईल.'

तिला गुन्हेगाराची भीती कमी होती. जास्त भीती घराची होती. त्या माणसाच्या हातात एक बनावट फोटो होता, पण त्याची खरी ताकद तो फोटो नव्हती. ही मुलगी घरी सांगू शकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, ती त्याची ताकद. 'मोबाईल दिला की मुलगी बिघडते' असं रोज सांगणारं घर त्याला न मागता मदत करत होतं. आम्ही तिच्या आईला आणि मामूंना बरोबर घेतलं, १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात गेलो. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः तिला शाळेत सोडायला आले. पण प्रत्येक मुलीचा तिसरा दिवस असा येत नाही. अशा घटनेनंतर शाळा सुटलेल्या आणि वर्षभरात लग्न लावून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कायद्याने अठराच्या आत लग्न गुन्हा आहे, हे त्या घरांनाही ठाऊक होतं.

म्हणून मी म्हणते, मुलगी सुरक्षित ठेवायची तर आधी तिला एक वचन द्या: काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही. हे वचन न देता घेतलेला फोन म्हणजे तिच्या तोंडावर ठेवलेला हात आहे.

जरा मुलाकडे बघा

आता ज्याला 'चलता है' त्याच्याकडे वळू. मुलींच्या फोनची चौकी करताना आपण मुलांच्या फोनमध्ये काय चाललं आहे, हे बघायलाच विसरलो.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. व्हॉट्सॲपवरच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. स्टेटस ठेवल्याच्या प्रकरणात अल्पवयीन मुलांवर कारवाई झाली. तीन महिन्यांनी सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचं निमित्त झालं. जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोष जमावाचा आहे, यात मला किंचितही शंका नाही. पोराच्या स्टेटसला उत्तर म्हणून दुकानं फोडण्याचा आणि माणसं मारण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि असा न्याय फक्त आपल्याच मोहल्ल्याला मिळतो, हा संतापही रास्त आहे. पण संताप रास्त असला तरी एक प्रश्न उरतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एका बोटाने अख्ख्या गावाचं भवितव्य पणाला लावता येईल असं साधन आपण का दिलं? तो काय पोस्ट करतो आहे याची समज त्याला नाही. ज्या पोस्टवर त्याने अंगठा दाबला ती कुणी आणि कशासाठी बनवली हेही त्याला कळत नाही. त्याची किंमत मात्र गाडेवाला चाचा मोजतो, आणि तो मुलगा स्वतः मोजतो, पोलीस ठाण्यात.

दुसरी बाजूही बघा. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी लावले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. आपल्या मोहल्ल्यात त्यावर पहिली प्रतिक्रिया काय आली? 'फोटो टाकला कशाला?' म्हणजे पुन्हा मुलीनेच फोन ठेवून द्यायचा. पण 'बुल्ली बाई' प्रकरणात सुरुवातीला अटक झालेले कोण होते? १८ ते २१ वर्षांचे विद्यार्थी. अर्धवट वयात, एकट्याने, रात्र-रात्र स्क्रीनसमोर बसून द्वेष हाच खेळ समजू लागलेले. त्यांच्या आई-बापांनीही कधीतरी म्हटलं असेल, मुलाचं काय, त्याला चालतं. आमची मुलं त्यापेक्षा वेगळी निपजतील याची हमी कोण देणार? आठवीतल्या मुलांच्या ग्रुपवर वर्गातल्या मुलींच्या फोटोंवर जी भाषा चालते ती मी वाचली आहे. इथे लिहिण्यासारखी नाही. मुलीच्या हातातल्या फोनला घाबरणाऱ्या बापाने एकदा मुलाच्या हातातला फोन उघडून बघावा.

सगळ्यात अवघड आक्षेप

माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप बुजुर्गांकडून आलेला नाही. तो अभ्यासिकेतल्याच एका मुलीने घेतला. ती म्हणाली, 'मॅडम, भाईला मैदान आहे, चौक आहे, चहाची टपरी आहे. मला घर आणि शाळा सोडून कुठे जाता येतं? फोन गेला तर माझ्याकडे काय उरतं?'

या प्रश्नापुढे माझा नियम तोकडा पडतो आणि मी ते लपवत नाही. जिला बाहेर पाऊल टाकू देत नाहीत तिच्यासाठी मोबाईल हीच लायब्ररी आहे, तोच सिनेमा, तीच मैत्रीण. मुलाकडून फोन घेतला तर तो मैदानावर जाईल. मुलीला फोन दिलाच नाही तर ती भिंतीकडे बघत बसेल. म्हणून एकसारखा नियम खरा एकसारखा करायचा असेल तर दार आधी उघडावं लागेल. वाचनालयात बसायला जागा, खेळायला वेळ, मैत्रिणीच्या घरी जायची मुभा, संध्याकाळी सातपर्यंत बाहेर राहण्याचा हक्क. हे द्यायची तयारी नसेल तर तिच्या फोनला हात लावू नका. आणि जिची शाळा आधीच सुटली आहे, सातवी-आठवीनंतर जवळ शाळाच नाही म्हणून जी घरी बसली आहे, तिला मी हा नियम लावणार नाही. तिच्यासाठी फोन हा शिक्षणाचा शेवटचा धागा असू शकतो. तो तोडण्याआधी तिला शाळेत परत न्या.

बाकीचे आक्षेप याहून हलके आहेत. उशीर झाला, रिक्षा मिळाली नाही तर संपर्क कसा करायचा? बटणांचा साधा फोन द्या, त्यावरून अब्बालाही फोन लागतो आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाईनलाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, निकाल, गृहपाठ? घरात एक फोन ठेवा, तो दिवाणखान्यात किंवा चुलीजवळ, सगळ्यांसमोर वापरायचा, आणि त्यावर मुलीचा आणि मुलाचा वेळ सारखा. सगळ्या मित्रांकडे आहे, आमच्या मुलाकडे नसेल तर तो एकटा पडेल? ही अडचण खरी आहे, म्हणूनच हे एका घराने करून भागत नाही. एका गल्लीतल्या दहा घरांनी मिळून ठरवलं तर एकही मूल एकटं पडत नाही.

फतवा नको, ठराव हवा

काही मित्र सुचवतात की मौलानांकडून एकदा मोबाईल हराम म्हणून जाहीर करून घ्या, लोक ऐकतील. माझा याला ठाम विरोध आहे. नमाजात लाऊडस्पीकर वापरावा की नाही, यावर विसाव्या शतकात उलेमांमध्ये केवढा वाद झाला होता. फोटो काढण्यावरही झाला. आज मशिदीवर भोंगे आहेत आणि बयान यूट्यूबवर आहेत. यंत्राला हराम ठरवून काही थांबत नाही. उलट नुकसान होतं. झोपेचा, अभ्यासाचा, मुलाच्या मनाचा प्रश्न गुनाहचा प्रश्न झाला की मूल लपवायला शिकतं. आणि गुनाहची शिक्षा देताना पहिला नंबर कुणाचा लागतो, हे मुलींना विचारा.

हा निर्णय पालकांनी, शिक्षकांनी आणि मुलांनी समोरासमोर बसून घ्यायचा आहे. त्यात मुलींना बोलू द्या. मशीद कमिटीला मदत करायची असेल तर तिच्याकडे हॉल आहे. तो हॉल लग्न आणि दावत नसेल तेव्हा कुलूपबंद असतो. आठवड्यातले पाच दिवस तो अभ्यासिका म्हणून उघडा करा, दोन जुने संगणक ठेवा, मुलींसाठी आणि मुलांसाठी सारख्या वेळा ठेवा. शंभर बयानांपेक्षा तो उघडा हॉल जास्त काम करेल.

शेवटचं तुमच्याशी, अठरा ते पंचवीसच्या वाचकांशी. हे मासिक तुमचे अब्बा वाचत नाहीत, तुम्ही वाचता. घरातला वायफायचा पासवर्ड तुमच्याकडे असतो. लहान भावाला जुना फोन 'घे, तू वापर' म्हणून देणारे तुम्हीच असता, आणि बहिणीने फोन मागितला की 'क्या करेगी तू?' असं विचारणारेही अनेकदा तुम्हीच. आपल्या घरात बदल मौलानांच्या परवानगीने येत नसतो. मोठ्या भावाने किंवा बाजीने जेवताना एक वाक्य बोललं तरी त्याची सुरुवात होते. ते वाक्य असं असू द्या: 'सोळापर्यंत दोघांनाही फोन नाही, सोळानंतर दोघांनाही. आणि काहीही झालं तरी तिची शाळा बंद होणार नाही.'

अब्बा चिडतील. लहान भाऊ तर जास्तच चिडेल. चिडू द्या. बहीण काही बोलणार नाही, पण ती ऐकत असेल.